हॉटेल मॅनेजमेंटला ॲडमिशन घेताय? मग तीन-चार वर्षं कशी काढायची ते वाचा

बारावी झाली, हॉटेल मॅनेजमेंट करायचं मनात आहे, आणि घरी काका-मामा विचारतायत की एवढे पैसे भरून पोरगं वेटरच होणार का, तर हे तुमच्यासाठी आणि जमलं तर त्या मामांसाठीही. ही डिग्री चांगली आहे, मेहनतीची आहे, पण ती पुस्तकं वाचून मिळाली तरी तेवढ्याने कामाला येत नाही, उभं राहून हाताने शिकलं तरच येते. जो हे पहिल्या वर्षी ओळखतो तो पुढे जातो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी ॲडमिशन, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ. आपल्याकडे मुख्य वाटा दोन. एक म्हणजे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) संस्था, त्यासाठी एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची, ती एनटीए म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते आणि कोर्स बीएस्सी हॉस्पिटॅलिटी अँड हॉटेल ॲडमिनिस्ट्रेशन, तीन वर्षांचा. मुंबईचं आयएचएम दादरला वीर सावरकर मार्गावर आहे, १९५४ साली सुरू झालेलं, देशातलं या विषयातलं पहिलं, आणि गोव्याचं पर्वरीला. दुसरी वाट बीएचएमसीटी म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजीची डिग्री, चार वर्षांची, राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग कॅप राउंड, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. पुण्यात शिवाजीनगरला सरकारी संस्था आहे, शिवाय बरीच खासगी कॉलेजं आहेत. आणि छत्रपती संभाजीनगरचं आयएचएम नावाने तसंच असलं तरी ते वेगळं प्रकरण, ताजशी जोडलेलं, १९८९ पासूनचं, त्याची प्रवेशप्रक्रिया त्यांची स्वतःची. नाव सारखं म्हणून एकाच फॉर्ममध्ये सगळं होईल असं धरून बसू नका, दरवर्षी कुणीतरी यात फसतंच.

सायन्स-कॉमर्स-आर्ट्स काहीही चालतं, बारावीला इंग्रजी हवं. एनसीएचएम जेईईत इंग्रजी, रिझनिंग, आकडेमोड, जीके आणि सेवाक्षेत्राची ॲप्टिट्यूड असं असतं, खूप अवघड नाही पण इंग्रजीला वेळ द्या. फीचा प्रश्न असेल तर कॅपमधूनच ॲडमिशन घ्या, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांचं दार बहुतेक बंद होतं, आणि हे ऑफिसमधून आधी कुणी सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जे लागू असेल ते मे महिन्यातच काढून ठेवा, तहसीलला जूनमध्ये रांगा लागतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग बघू नका, ट्रेनिंग किचन बघा. किती मुलांमागे किती शेगड्या आहेत, ओव्हन चालू आहेत का नुसते उभे आहेत, ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये खरंच कुणी जेवायला येतं का. आणि तिथल्या सेकंड इयरच्या दोन पोरांना बाजूला घेऊन विचारा की गेल्या बॅचला ट्रेनिंगला कुठे पाठवलं. ब्रोशरपेक्षा हे उत्तर खरं.

सामान घेताना एक सांगतो, महागडा नाइफ सेट घेऊ नका, एक चांगली शेफ नाइफ, एक पेअरिंग नाइफ म्हणजे सोलण्या-कापण्याची छोटी सुरी, एक पीलर, पुरे. पैसे घालायचे तर बुटांवर घाला, न घसरणारे सेफ्टी शूज, कारण दिवसाला आठ-नऊ तास उभं राहायचंय आणि ओल्या फरशीवर गरम पातेलं घेऊन चालायचंय.

आता अभ्यास. चार डिपार्टमेंट असतात, फूड प्रॉडक्शन म्हणजे किचन, एफ अँड बी (फूड अँड बेव्हरेज) सर्व्हिस म्हणजे जेवण-पेय वाढणं, फ्रंट ऑफिस म्हणजे रिसेप्शन आणि हाउसकीपिंग म्हणजे खोल्यांची देखभाल. दहातली आठ पोरं शेफ व्हायचं म्हणून येतात आणि बाकीच्या तीनकडे बघतच नाहीत, माझ्या मते हे सगळ्यात मोठं नुकसान. हाउसकीपिंगचंच घ्या. बेड मेकिंगचं प्रॅक्टिकल असतं तेव्हा पोरं हसतात, चादर काय घालायची त्यात. पण नीट बघा काय असतं ते: आधी जुनी चादर काढताना ती झटकून बघायची, गेस्टचा चष्मा, चार्जर, कानातलं त्यातच लाँड्रीला जातं. मग मॅट्रेस प्रोटेक्टर सरळ, खालच्या चादरीची मधली घडी बरोबर गादीच्या मधोमध, आणि कोपऱ्याला मायटर कॉर्नर, म्हणजे लोंबणारी कड ४५ अंशात वर घ्यायची, खालचं गादीखाली सरकवायचं, मग वरचं सोडून परत खोचायचं, पाकिटाच्या कोपऱ्यासारखं दिसलं पाहिजे. आणि एक बाजू पूर्ण करूनच दुसऱ्या बाजूला जायचं, उगाच बेडभोवती फेऱ्या मारायच्या नाहीत, कारण खऱ्या हॉटेलात एका शिफ्टला साधारण १२ ते १६ खोल्या करायच्या असतात. हे ज्याच्या हातात बसलं त्याला ट्रेनिंगला फ्लोअर सुपरवायझर पहिल्या आठवड्यात ओळखायला लागतो.

किचनमध्ये रेसिपी पाठ करत बसू नका, बेस पक्के करा. पाच मदर सॉस म्हणजे ज्यांच्यावरून बाकीचे सॉस बनतात ते, स्टॉक म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी, कटिंग. त्यातला बेशामेल, म्हणजे व्हाइट सॉस, करताना बटर-मैदा समान वजनाने, रंग न बदलता परतायचा, दूध थोडं थोडं घालत सतत ढवळायचं, मग कांद्याला तेजपत्ता आणि लवंग टोचून तो मंद आचेवर त्यातच राहू द्यायचा. एकदा हे हातात आलं की लझान्यापासून ग्रॅटिनपर्यंत निम्मं मेनू आपोआप समजतं. आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, हे परीक्षेपुरतं नाही तर आयुष्यभर.

फ्रंट ऑफिसची गणितं घाबरवतात पण सोपी आहेत. समजा १०० खोल्यांचं हॉटेल, ७० विकल्या, खोल्यांचे पैसे आले साडेतीन लाख. ऑक्युपन्सी ७० टक्के, एडीआर म्हणजे विकलेल्या खोलीमागे सरासरी ५,००० रुपये, आणि रेव्हपार म्हणजे हॉटेलातल्या प्रत्येक खोलीमागे ३,५०० रुपये. हे तीन आकडे तोंडावर असले की इंटरव्ह्यूमध्ये वेगळीच छाप पडते, कारण हॉटेलचा जनरल मॅनेजर सकाळी आधी हेच बघतो.

मराठी मीडियमच्या पोरांसाठी जरा थांबतो. पहिल्या सेमिस्टरला फ्रेंच शब्द, इंग्रजी लेक्चर, बाजूला कॉन्व्हेंटची पोरं, वाटतं आपलं काम नाही. आहे, तुमचंच आहे. वहीत प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवा, मीझाँप्लास (स्वयंपाकाआधीची मांडामांड), ज्युलिअन (काडीसारखे लांब तुकडे), ब्रुन्वाज (बारीक चौकोनी तुकडे), आणि रोज मोठ्याने म्हणा. गेस्टशी बोलायची तीस-चाळीस वाक्यं ठरलेली असतात, ती रूममेटसोबत बोलून बोलून घासा. व्याकरण नंतर येतं, आवाज आधी सुटला पाहिजे. ज्यांनी हे सहा महिने नेटाने केलं ती पोरं नंतर रिसेप्शनला उभी राहिलेली मी बघितलीयत.

शाकाहारी असाल किंवा घरी दारूचं नाव काढलेलं चालत नसेल तर ॲडमिशनच्या आधीच बोला. मांस हाताळावं लागतं, बारचा विषय असतो. केंद्राच्या अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या आयएचएममध्ये शाकाहारी पर्याय सुरू केलेला आहे, तो बघा. बाकी ठिकाणी चव घ्यायची सक्ती आहे का ते विभागप्रमुखांना सरळ विचारा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, इंडस्ट्रियल ट्रेनिंग. चार-पाच महिने खऱ्या हॉटेलात. पोरं हॉटेलचं नाव बघून धावतात, मी म्हणतो रोटेशन बघा. चारही डिपार्टमेंटला लेखी वेळापत्रक देतात का, का चार महिने एकाच बँक्वेटमध्ये (समारंभाच्या हॉलमध्ये) प्लेटा उचलायला लावतात, हे सीनियर्सना विचारून घ्या. जेवण स्टाफ कॅफेटेरियात मिळतं, पण राहायचं बहुतेक आपलं आपण बघावं लागतं आणि स्टायपेंड किरकोळ असतो, त्यामुळे मुंबई घेतली तर खोलीभाड्याचा हिशोब घरी आधीच मांडा. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी काही तास, मधे सुट्टी, परत संध्याकाळी, अशावेळी लांब राहिलात तर ती मधली सुट्टी लोकलमध्येच जाते.

रोजच्या कामाची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, त्याच रात्री लिहा, दोन ओळी का होईना. महिनाभर बटाटेच सोलत असाल तर कुढत बसू नका, स्वतःचं काम वेळेआधी संपवा आणि सू शेफला, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफला, विचारा, "शेफ, सॉस सेक्शनला अर्धा तास उभा राहू का?" दुपारी तीन-चारला विचारा, सर्व्हिस चालू असताना नाही. तरीही महिनोन् महिने बदली नाही झाली तर ट्रेनिंग मॅनेजरकडे लॉगबुक घेऊन जा, लिहिलेलं असलं की ऐकावं लागतं.

मुलींनी रात्रीच्या शिफ्टआधी ड्रॉपची गाडी आहे का ते एचआरकडून पक्कं करून घ्यावं. आणि कुणी नको तसं वागलं तर गप्प राहू नका, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात ट्रेनीसुद्धा येतात, हॉटेलात अंतर्गत समिती असते, तिच्याकडे लेखी द्या आणि कॉलेजलाही कळवा.

शेवटच्या वर्षी ठरवायचं की थेट ऑपरेशन्सला लागायचं का मॅनेजमेंट ट्रेनीसाठी, म्हणजे मॅनेजर घडवणाऱ्या प्रशिक्षणासाठी, प्रयत्न करायचा. मोठ्या साखळ्यांचे स्वतःचे प्रोग्राम आहेत, ओबेरॉयचं दिल्लीचं ओसीएलडी (ओबेरॉय सेंटर ऑफ लर्निंग अँड डेव्हलपमेंट) त्यातलं जुनं, तिथे ग्रुप डिस्कशन आणि इंटरव्ह्यूच्या फेऱ्या कडक असतात, थर्ड इयरपासून तयारी करा. क्रूझवर जायचं असेल तर बहुतेक कंपन्या आधी हॉटेलचा अनुभव मागतात आणि एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे जहाजावरच्या कामासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेचं, बेसिक सेफ्टी ट्रेनिंग लागतं, ते मान्यताप्राप्त संस्थेतूनच करा. नोकरी लावतो म्हणून आधी लाखभर रुपये मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, आणि पासपोर्ट मात्र सेकंड इयरलाच काढून ठेवा.