जनुकीय अहवालातला लाल त्रिकोण कसा वाचायचा

माझी लेक नऊ वर्षांची, तिला दमा आहे. थुंकीच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी केली, तर सातव्या पानावर ‘व्हीडीआर’ या व्हिटॅमिन डीशी संबंधित जनुकासमोर लाल त्रिकोण आणि खाली ‘दम्याचा धोका वाढलेला’. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. तुमच्या हाती असं पान आलं, तर आधी जनुकाचं नाव बघा.

व्हिटॅमिन डीशी संबंधित जनुकं अशी: सीवायपी२आर१ मुळे यकृतात व्हिटॅमिन डीचं ते रूप बनतं, जे आपण रक्तात मोजतो. जीसी या जनुकाचं प्रथिन त्याला रक्तातून वाहून नेतं. या दोन्हींतल्या काही बदलांनी रक्तातली पातळी थोडी खाली राहते. व्हीडीआरचं तसं नाही. त्यापासून पेशीतला रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, बनतो; व्हिटॅमिन डी शेवटी त्याला जाऊन चिकटतं. लेकीचा बदल होता ‘फॉकवन’. त्यात डीएनएचं एकच अक्षर बदलतं आणि रिसेप्टर ४२४ ऐवजी ४२७ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या घटकांचा), किंचित मंद बनतो. त्रिकोण होता तो एवढ्यासाठी! हा बदल असंख्य धडधाकट माणसांतही असतो.

मग जनुकापुढची दोन अक्षरं बघा. एक आईकडून, एक वडिलांकडून आलेलं. लेकीच्यात बदललेलं एकच होतं.

आता रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासा. एकक नीट वाचा: ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच ७५ नॅनोमोल प्रति लिटर. लेकीचं १४ नॅनोग्रॅम, म्हणजे कमी निघालं. डॉक्टरांनी डोस ठरवून दिला आणि हाडांसाठी तो हवाच होता. पण त्याने दमा आटोक्यात येईल, असं धरून चालू नका. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दमा असलेल्या, पातळी कमी असलेल्या १९२ मुलांना रोज ४००० युनिट व्हिटॅमिन डी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. तीव्र झटक्यांत फरक पडला नाही. जन्मतः पातळी कमी ठेवणाऱ्या जनुकांमुळे दमा वाढतो का, हे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासाने तपासलं, तिथेही तसा पुरावा मिळाला नाही.

म्हणून अहवाल बघून रोजचा पंप कधीही बंद करू नका. उलट मुलाला तो पंप डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला सांगा. लेकीने घेतला तेव्हा स्पेसरमधून (पंपाला जोडलेल्या नळकांड्यातून) शिट्टी वाजली. ती श्वास फार जोरात ओढत होती. आता सावकाश ओढते, दहा आकडे मोजेपर्यंत रोखते, मग गुळणी करते.