अकरावी प्रवेश : महाविद्यालयाच्या नावापुढचा रकाना आधी वाचा

मुंबईत दहावीचा निकाल लागला की घराघरांत टक्के आणि कटऑफ यांचीच चर्चा सुरू होते. खाजगी संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या नावापुढे अनुदानित, विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असा जो शब्द असतो, त्याकडे त्या धामधुमीत कोणी फारसे बघत नाही. या शब्दांचा अर्थ बहुतेक पालकांना ढोबळमानाने ठाऊक असतो. पसंतीक्रम भरताना तो कसा अडकवतो, हे मात्र पहिली यादी लागेपर्यंत कोणी सांगत नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

एकाच इमारतीत, एकाच फाटकातून आत जाणाऱ्या विज्ञान शाखेच्या दोन तुकड्या ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेत दोन स्वतंत्र ओळी म्हणून दिसतात. प्रत्येक ओळीचा संकेतांक वेगळा, जागा वेगळ्या, कटऑफ वेगळा आणि फीही वेगळी असते. अनुदानित तुकडीच्या शिक्षकांचे वेतन शासन देते, त्यामुळे तिची फी मध्यमवर्गीय घराला सहज पेलते, आणि मुलींना तर अनुदानित ठिकाणी बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ असते. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा सारा खर्च फीमधून निघतो, म्हणून तिची फी अनुदानित तुकडीच्या कित्येक पट असू शकते. आमच्या मुलीच्या पसंतीक्रमात मनातल्या महाविद्यालयाचे नाव पहिल्या क्रमांकावर होते आणि पहिल्याच यादीत ते मिळाले. नातेवाइकांना फोन झाले, पेढे आले, आणि संध्याकाळी फीचा आकडा पडद्यावर आला तेव्हा ती ओळ स्वयंअर्थसहाय्यित तुकडीची असल्याचे कळले. त्या फेरीचा कटऑफ उघडून पाहिला, तर तिच्या गुणांना अनुदानित तुकडीही मिळाली असती.

येथे नियम समजून घेणे अत्यावश्यक आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते, आणि तो घेतला नाही तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचे मिळाले तर मात्र तो प्रवेश न घेता पुढच्या फेरीची वाट पाहता येते. त्यामुळे पहिल्या क्रमांकावरची ओळ अशीच असली पाहिजे, की ती मिळाल्यावर त्याच दिवशी फी भरून प्रवेश पक्का करण्याची तुमची तयारी आहे. अनुदानित ओळ वर ठेवावी. त्याच महाविद्यालयाची दुसरी ओळ दोन्ही वर्षांची फी झेपणार असेल तरच खाली घ्यावी, आणि झेपणार नसेल तर ती यादीत घेऊच नये. अर्ज लॉक करण्यापूर्वी प्रत्येक संकेतांक, शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार कोणी तरी मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने कागदावर ताडून पाहावा.

घाबरून जाण्याचे मात्र काहीच कारण नाही. वरच्या क्रमांकावर आवाक्याबाहेरचे महाविद्यालय टाकले तर खालची संधी हुकते, हा समज चुकीचा आहे. वाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते, आणि वरची पसंती मिळाली नाही तर संगणक त्याच विद्यार्थ्याच्या पुढच्या पसंतीकडे वळतो. 2025-26 पासून ही प्रक्रिया राज्यभर एकत्र झाली आणि तेव्हा किमान 1 ते कमाल 10 पसंती देण्याची मुभा होती. त्या दहाही जागा विचारपूर्वक भराव्यात. केवळ तीन नामांकित नावे लिहून थांबणे हा माझ्या मते शुद्ध हट्ट आहे.

कटऑफ पाहताना फेरी आणि प्रवर्ग जुळवून पाहावा, आणि एकूण जागांच्या आकड्यावर विसंबू नये. जयहिंद, के. सी., सेंट झेवियर्स, मिठीबाई अशा अल्पसंख्याक संस्थांमध्ये मोठा वाटा त्या-त्या समाजाच्या कोट्यासाठी राखीव असतो. त्याच संस्थेच्या शाळेतील मुलांसाठीचा इनहाउस कोटा आणि संस्थाचालकांच्या हातातला व्यवस्थापन कोटा त्याशिवाय वेगळा असतो. खुल्या स्पर्धेला उरणाऱ्या जागा म्हणूनच वाटतात त्यापेक्षा बऱ्याच कमी असतात.

पैसे घेऊन पसंतीक्रम भरून देणाऱ्या सल्लागारांवर माझा विश्वास नाही. त्यांना गतवर्षीचे कटऑफ पाठ असतात, पण तुमच्या घराची ऐपत आणि मुलीचा रोजचा प्रवास त्यांच्या हिशेबात नसतो. त्यापेक्षा त्याच महाविद्यालयात सध्या बारावीत असलेली एखादी विद्यार्थिनी गाठावी आणि प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे तिला विचारावे. कोचिंग क्लासशी संधान बांधून हजेरीची सूट देणाऱ्या इंटिग्रेटेड व्यवस्थेलाही माझा ठाम विरोध आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ज्या मुलांनी दोन वर्षांत ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडण्याची काचनळी, हाताळलेली नसते त्यांचे हात परीक्षेच्या टेबलापाशी थरथरतात, हे मी भाच्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

डोंबिवली किंवा वसईहून दक्षिण मुंबईत जाण्याचा विचार असेल, तर पसंतीक्रम भरण्यापूर्वी सकाळच्या गर्दीच्या वेळी तो प्रवास मुलीसोबत एकदा तरी प्रत्यक्ष करावा. मुलुंड, माटुंगा किंवा विलेपार्ले येथील चांगले महाविद्यालय त्यामानाने घराच्या जवळ असताना रोज तीन तास लोकलमध्ये घालवणे मला पटत नाही.

पहिल्या यादीत नाव आले नाही, तरी अर्ज तसाच ठेवून पसंतीक्रम नव्याने तपासावा. कोट्यातील न भरलेल्या जागा संस्था पुढे सर्वसाधारण प्रवेशासाठी प्रत्यार्पित करतात, म्हणजे परत देतात, आणि डिप्लोमाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांच्या जागाही रिकाम्या होतात. नंतरच्या फेऱ्यांत काही ठिकाणी कटऑफ त्यामुळेच खाली येतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासून हाताशी हवा, कारण यादी लागल्यावर प्रवेश निश्चित करायला मोजकेच दिवस मिळतात आणि तहसील कार्यालयातील रांग त्या दिवसांत सर्वांत लांब असते.