शो कारसाठी स्पॉन्सर मिळवायचा तर

टायरवाला, बॅटरीवाला किंवा डिटेलिंगवाला (गाडी बारकाईने साफ-पॉलिश करणारा) तुमच्या शो कारच्या, म्हणजे प्रदर्शनासाठी सजवलेल्या गाडीच्या, प्रेमाखातर माल देत नाही. गिऱ्हाईक यावं म्हणून देतो. म्हणून लातूर असो की जालना, ज्या दुकानातून तुम्ही आधीपासून खरेदी करता तिथेच पहिल्यांदा विचारा, आणि फुकट नको, दुकानदाराच्या खरेदी भावात मागा. सुरुवातीला बहुतेकांना एवढंच मिळतं. रोख रक्कम फार पुढची गोष्ट.

दसरा ते धनत्रयोदशी गाड्यांची खरेदी जोरात असते, सोयाबीन-कापसाचा पैसाही त्याच सुमारास बाजारात येतो. स्पॉन्सरशिप मागणारा तुमचा कागद त्याआधी, श्रावणातच दुकानदाराच्या हातात पडू द्या.

कागद एकच पानाचा. गाडीचं मॉडेल, वर्ष, झालेलं काम, राहिलेलं काम, सकाळच्या उजेडात काढलेले ४ फोटो. मग तुम्ही काय देणार ते आकड्यांत लिहा: दोन्ही दारांवर १२ बाय ४ इंचांचं स्टिकर, महिन्याला २ रील, सणाच्या ऑफरला एक दिवस गाडी दुकानासमोर उभी. छोट्या शहरात हे शेवटचंच सर्वांत जास्त पटतं. फॉलोअर दाखवताना शहरनिहाय आकड्यांचा स्क्रीनशॉट जोडा. बीडच्या दुकानदाराला मुंबईचे २०,००० फॉलोअर गिऱ्हाईक देत नाहीत, आसपासच्या तालुक्यांतले ८०० देतात.

स्टिकर कास्ट व्हिनाइलचंच (ओतून बनवलेल्या प्लास्टिक फिल्मचंच) घ्या. स्वस्त कॅलेंडर्ड व्हिनाइल बनतानाच ताणलेलं असतं. आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात ते आक्रसतं, कडा उचलतात आणि उघड्या गोंदावर धूळ बसते. नवा रंग मारला असेल तर किमान ३ आठवडे थांबा, नाहीतर रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडून फुगे येतात. काढताना हीट गनने कोमट करून सावकाश, पत्र्यालगत मागे ओढा. ओबडधोबड रीपेंट असेल तर रंगही सोबत निघतो, हे स्पॉन्सरला आधीच सांगून ठेवा. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळू देऊ नका, डाग फोटोत दिसतात.

काच आणि नंबर प्लेट मोकळी ठेवा. पूर्ण रॅपने (गाडीभर चिकटवलेल्या व्हिनाइलने) रंग बदलत असेल तर आरसीवर नोंद लागते. खासगी गाडीवर जाहिरात लावण्याआधी आरटीओत विचारा. बदल विमा कंपनीला कळवा.

करारात मुदत, स्टिकरची जागा, गाडी विकली किंवा ठोकली तर काय, आणि त्याच मालाचा दुसरा ब्रँड चालेल का, एवढं लिहाच. सर्वाधिक भांडणं या शेवटच्या मुद्द्यावरून होतात. कंपनीकडून किंवा १ कोटीवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांवरचा माल मिळाला, तर २०२२ पासून १० टक्के टीडीएसचा (देणाऱ्याकडून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचा) नियम आहे. २५,००० च्या टायरवर ते २,५०० कोण भरणार, हे माल उचलण्याआधी ठरवा.

शो झाला की आठवडाभरात फोटो, रीलचे व्ह्यूज आणि तुमचं नाव सांगून आलेल्या गिऱ्हाइकांची संख्या दुकानदाराला पाठवा. ही संख्या त्याच्याच वहीतून घ्या, म्हणजे पुढच्या श्रावणात त्याला ती पटवून द्यावी लागणार नाही.