नैरोबीत पिण्याचं पाणी: कुठलं उकळायचं, कुठलं नाही

नैरोबीत बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं गच्चीवरच्या टाकीत साठतं आणि कमी पडलं की त्याच टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं. म्हणून फिल्टर घेण्याआधी इमारतीच्या केअरटेकरला विचारा, टाकीत बोअरचं पाणी येतं का? पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

फक्त शहराचं पाणी असेल तर काळजी जंतूंची. धरणाचं पाणी शुद्ध होऊन निघतं, पण वाटेतल्या गळक्या पाइपांत आणि टाकीत पुन्हा बिघडतं. ते गाळून पातेल्यात खळखळून उकळा, उकळी आल्यावर १ मिनिट. शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर, त्यामुळे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी तेवढं पुरतं. एल्डोरेटसारख्या २,००० मीटरवरच्या गावी मात्र ३ मिनिटं ठेवा. झाकून त्याच भांड्यात निवू द्या आणि ओगराळ्याने घ्या. पेला बुडवला की केलेलं सगळं वाया.

गॅस संपला तर ५-६ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं ब्लीच २० लिटरला २ मिली घालून ३० मिनिटं थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा आणि ब्लीच दुप्पट घाला. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी मात्र ब्लीचमधल्या क्लोरीनला दाद देत नाही, त्याला उकळणंच हवं.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. इथल्या ज्वालामुखी खडकामुळे त्यात फ्लोराइड बरंच असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. उकळल्यावर पाणी आटतं, फ्लोराइड तसंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. कँडल, साधा कार्बन, यूव्ही यांनी ते निघत नाही. टीडीएस मीटरवरही विसंबू नका, तो विरघळलेले क्षार एकत्रच मोजतो, त्यात ना जंतू कळतात ना फ्लोराइड. प्रयोगशाळेतून तपासून घ्या. लहान मुलांच्या घरात तर नक्कीच, कारण दात तयार होण्याच्या वयात पडलेले डाग कायमचे राहतात.

फ्लोराइड जास्त निघालं तर आरओ बसवा. हाडांच्या कोळशाचे फिल्टरही चालतात, पण शाकाहारी घरात आधी विचारलेलं बरं! टाकी नळाच्या १० फूट वर असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. तेवढ्यावर आरओ चालत नाही, बूस्टर पंप असलेलंच यंत्र घ्या. स्वयंपाकालाही हेच फ्लोराइड काढलेलं पाणी वापरा, नाहीतर डाळ-भातातून फ्लोराइड पोटात जातंच.

पाणी कुठलंही असो, टाकीही साफ हवी. ती रिकामी करून घासून घ्या. मग भरताना दर १,००० लिटरला ५ टक्क्यांचं १ लिटर ब्लीच घाला, २४ तास ठेवा आणि सगळं ओतून द्या. तोवर नळ बंद ठेवा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.