वादळानंतरची वही

चक्रीवादळानंतर पहिल्यांदाच मदतीला जाणाऱ्याला वाटतं, आपण वाटप करायला चाललोय. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात माझ्या हातात वही दिली गेली: घरात माणसं किती, पाच वर्षांखालची मुलं किती, कुणी गरोदर आहे का, तान्हं बाळ आहे का. हिरमोड झाला. दोन दिवसांनी लक्षात आलं, पाण्याचे टँकर याच आकड्यांवरून मागवतायत. माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आणि 20 जणांमागे एक संडास असा ‘स्फिअर’चा, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांचा, हिशोब असतो. डोकी चुकली की सगळंच चुकतं.

माझी चूक मात्र वेगळीच होती. सहा-सात वर्षांची एक मुलगी शेजारणीचा हात घट्ट धरून उभी होती. आईबाबा कुठे आहेत विचारलं, तर गप्प. मी ‘अनाथ’ लिहून मोकळी झाले. आमच्या ताईंनी ते खोडलं, ‘सोबत पालक नाहीत’ असं लिहिलं आणि तिच्याजवळ खाली बसल्या. आईला शेवटचं कुठे पाहिलंस? तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं? हळूहळू ती बोलली. त्या नोंदीवरून तिसऱ्या दिवशी आई दुसऱ्या निवाऱ्यात सापडली. ‘अनाथ’ लिहिलं की मुलाला संस्थेत धाडायची घाई सुरू होते, म्हणून तो शब्द कधीच अंदाजाने लिहू नका. अशा मुलांचे फोटोही कुठे टाकू नका.

दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, मोजायला आधीच शिकून जा; त्यावरून कुपोषण कळतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी उपचारांना पाठवायचं. जुलाब होणाऱ्या मुलाला ओआरएस लगेच सुरू करा. 2019 मध्ये ‘इडाई’ वादळानंतर मोझांबिकच्या बैरा शहरात दोन आठवड्यांच्या आत कॉलरा आढळला होता.

आणखी एक, यावरून वाद होतात तरी सांगते: दुधाच्या पावडरीचे डबे सरसकट वाटू देऊ नका. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर बाळाच्या जिवावर बेतते. पाजणाऱ्या आईला आडोसा, पोटभर जेवण आणि निवांतपणा मिळवून द्या. ज्या बाळाला आईचं दूध मिळूच शकत नाही, त्याची वेगळी नोंद करून आरोग्य पथकाला कळवा.

वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पेन्सिलीनेच लिहा. ओल्या हाताने शाई पसरते आणि नेमकं नावच पुसलं जातं.