स्त्रिया कामावर याव्यात आणि टिकाव्यात: गोव्यातील लहान उद्योजकांसाठी मार्गदर्शन

दहा ते पन्नास माणसे कामावर असलेला कारखाना, काजू प्रक्रिया केंद्र, हॉटेल किंवा कार्यालय गोव्यात चालवणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. शिकलेल्या मुली मिळतात, काम मन लावून करतात, पण लग्न झाले किंवा मूल झाले की सोडून जातात, अशी तक्रार वेर्णा, कुंडई, थिवी अशा औद्योगिक वसाहतींतील मालकांकडून ऐकू येते. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील स्त्रियांची साक्षरता 84.66 टक्के नोंदली गेली होती. त्यामुळे येथे शिक्षणाच्या अभावाला दोष देता येत नाही. कामाची वेळ, घरचा रस्ता आणि घरातील जबाबदारी यांचा मेळ बसेनासा झाला की स्त्री नोकरी सोडते, आणि या तिन्हींपैकी निदान पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून भरतीची जाहिरात देण्याआधी वेळापत्रक हाती घ्यावे.

प्रथम कामावरील प्रत्येक स्त्रीचे गाव, ती कोणत्या वाहनाने येते, तिच्या गावाकडे जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते आणि थांब्यापासून घरापर्यंत किती चालावे लागते, याची नोंद करावी. सांगे, केपे, सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांच्या बाबतीत ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते, कारण मुख्य शहरांमध्ये कदंब या सरकारी वाहतूक महामंडळाच्या शटल बसेस असल्या तरी गावात जाणारी संध्याकाळची बस चुकली तर दुसरा पर्याय सहसा महागडा असतो. शिफ्ट सहाला संपत असेल आणि बस पावणेसहाला सुटत असेल, तर शिफ्ट अर्धा तास अलीकडे आणण्यास काहीही खर्च येत नाही. ते शक्य नसेल तेथे शेजारच्या दोन-तीन आस्थापनांनी मिळून एक गाडी ठरवावी. अनेक जणी स्वतःच्या स्कूटरने येतात. ज्यांना ती घेणे परवडत नाही त्यांना पगारातून हप्त्याने फिटेल अशी बिनव्याजी उचल देणे हाही चांगला मार्ग आहे. मात्र पावसाळ्यात, अंधाऱ्या रस्त्यावर स्कूटर हा पुरेसा उपाय आहे असे समजू नये.

रात्रीच्या कामाचा नियम स्वतंत्रपणे समजून घ्यावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या असून, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेनुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत सर्व प्रकारचे काम करता येते. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम द्यायचे असल्यास त्यांची संमती आवश्यक आहे आणि सुरक्षिततेविषयी ठरवलेल्या अटी पाळाव्या लागतात. ही संमती लेखी घ्यावी, ती मागे घेण्याची मुभा ठेवावी आणि नकार देणाऱ्या स्त्रीची बढती त्या कारणाने अडवू नये.

घरातील जबाबदारी मालक वाटून देऊ शकत नाही, पण तिचे भान ठेवून कामाची आखणी करू शकतो. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर पुरुष 88 मिनिटे. ज्या स्त्रीच्या दिवसातील जवळजवळ पाच तास आधीच ठरून गेलेले आहेत, तिला दुपारी चार वाजता ‘आज थांबावे लागेल’ असे सांगणे म्हणजे तिला अडचणीत टाकणे होय. जादा काम निदान आदल्या दिवशी सांगावे आणि हॉटेलमधील ड्युटीचा तक्ता आठवडाभर आधी लावावा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांतील रजा महिनाभर आधी ठरवावी, आणि माटोळीपासून (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडणीपासून) नेवऱ्यांपर्यंतची (करंज्यांपर्यंतची) तयारी पुरुषांनीही अंगावर घ्यावी यासाठी पुरुष कामगारांनाही ती तितक्याच सहजतेने द्यावी.

आता ज्या भीतीपोटी तरुण विवाहित स्त्रीला नोकरी नाकारली जाते, तिच्याकडे वळतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने मिळाली आणि हाच नियम सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. सहा महिन्यांचा पगार काम न होता कसा द्यायचा, हा लहान उद्योजकाचा प्रश्न रास्त आहे. परंतु दहा किंवा अधिक कामगार असलेली आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेली आस्थापना असेल आणि स्त्रीचे मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर या 26 आठवड्यांचा लाभ विमा महामंडळ देते. मालकाच्या खिशातून तो जात नाही. मालकाने दरमहा वेतनाच्या 3.25 टक्के वर्गणी भरलेली असते, कामगाराची 0.75 टक्के कापलेली असते, आणि ही वर्गणी स्त्री असो वा पुरुष, सारख्याच दराने भरावी लागते. म्हणजे बाई न घेतल्याने एक रुपयाही वाचत नाही. हा साधा हिशेब माहीत नसल्यामुळे कितीतरी पात्र मुलींचे अर्ज बाजूला पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या लाभासाठी आधीच्या लागोपाठच्या दोन वर्गणी कालखंडांत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे कालखंड आहेत. गोव्यातील पर्यटनाचा हंगाम बहुतांशी दुसऱ्या कालखंडात येतो. त्यामुळे पावसाळ्यात काम थांबलेल्या हॉटेल कामगार स्त्रीलाही, हंगामातील तिची हजेरी नीट नोंदली असेल, तर ही अट पूर्ण करता येते. अडचण येते ती कंत्राटदारामार्फत घेतलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, कारण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्यांचे नाव अर्धेच दिवस दिसते. म्हणून कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी त्याची वर्गणीची पावती आणि आपला हजेरीपट दरमहा ताडून पाहावा. ज्यांचे वेतन 21,000 रुपयांहून अधिक आहे त्यांच्या रजेचा भार मात्र मालकावर येतो. त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. मुलाखतीत लग्न किंवा अपत्याचा बेत विचारू नये आणि या सर्व हक्कांची माहिती नेमणूक पत्रासोबत लेखी द्यावी.

पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर आहे. त्याहून लहान आस्थापनांनी वसाहतीतील इतरांसोबत सामायिक पाळणाघर उभारण्याचा विचार करावा, आणि जवळच्या अंगणवाडीला जोडून केंद्र सरकारच्या पाळणा योजनेखाली पाळणाघर चालते का, याची चौकशी महिला व बालविकास खात्याकडे करावी.

वेतनाच्या बाबतीत 1976 च्या समान वेतन कायद्यापासून आताच्या वेतन संहितेपर्यंत नियम एकच आहे: सारख्या स्वरूपाच्या कामाला सारखे वेतन. उल्लंघन सहसा कामाच्या नावाआड लपते. काजू कारखान्यांत साल काढणे आणि प्रतवारी करणे बायकांकडे, तर भट्टी किंवा बॉयलर पुरुषांकडे, अशी वाटणी रूढ झालेली असते. एका कामाला ‘कुशल’ आणि दुसऱ्याला ‘हलके’ म्हटले की पगारातील फरक आपोआप योग्य वाटू लागतो. प्रत्यक्षात काजूगराची प्रत डोळ्यांनी आणि बोटांनी झरझर ओळखणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे कौशल्य आहे आणि मालाचा दर त्यावरच ठरतो. प्रत्येक कामासाठी लागणारे कौशल्य, श्रम आणि जबाबदारी कागदावर लिहावी, आणि त्यानंतरच दर ठरवावेत.

लैंगिक छळाविरुद्धची व्यवस्था पहिली स्त्री कामावर येण्याआधी उभी असावी. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे: अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरील स्त्री, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, या विषयाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती, आणि एकूण सदस्यांपैकी निदान निम्म्या स्त्रिया. समिती न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहाहून कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हेही फलकावर लिहावे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते, समितीला ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते, आणि चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते. तथापि मुदतीच्या धाकाने चौकशी उरकू नये. गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाईत केलेली चौकशी सदोष ठरवली, आणि त्याच निकालात देशभर समित्या नेमल्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचे आदेश दिले. दोन्ही बाजूंना ऐकून घेतल्याची लेखी नोंद नसेल, तर खरी तक्रारही वरच्या पायरीवर टिकत नाही आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

हॉटेलमालकांनी येथे अधिक दक्ष राहावे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही स्त्रीला सुरक्षित ठेवणे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे पाहुण्याने खोलीत गैरवर्तन केले, तर ‘गिऱ्हाईक आहे, सोडून द्या’ हे उत्तर चालणार नाही. पाहुणा आत असताना खोलीची सफाई करू नये, करावीच लागली तर दोघींनी जावे आणि दार उघडे ठेवावे, असा नियम लिहून स्वागतकक्षालाही बांधील करावा. कंपनीच्या गाडीतील प्रवासही या कायद्याच्या कक्षेत येतो, हे चालकालाही समजावून सांगावे.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष कामाच्या जागेवरील सुपरवायझर कोण आहे हे पाहावे. वीस स्त्रियांवर देखरेख करणारा प्रत्येक जण पुरुष असेल, तर त्यांतील दोघी-तिघींना यंत्र चालवण्याचे आणि नोंदवही ठेवण्याचे प्रशिक्षण कामाच्या वेळेतच द्यावे, कारण सुटीच्या दिवशी ठेवलेल्या प्रशिक्षणाला ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्या येऊ शकत नाहीत. प्रसूती रजेवरून परतलेल्या स्त्रीला तिच्या आधीच्याच जागी घ्यावे, बढतीच्या सेवाकाळातून ते 26 आठवडे वजा करू नयेत, आणि जी स्त्री नोकरी सोडते तिच्याशी शेवटच्या दिवशी मालकाने स्वतः बोलून कारण सुरुवातीला केलेल्या गाव-बसच्या नोंदीतच लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या भरतीआधी काय दुरुस्त करायचे ते समजेल.