कूलवर लावूनही एसी गरम हवा फेकतोय?

नाशिकच्या थंडीत हॉट अँड कोल्ड एसी हीटवर चालवला आणि मार्चमध्ये कूलवर टाकला, तरी गरमच हवा आली. गॅस भरायला लावण्याआधी एवढं बघा.

१. रिमोटवर सूर्य नाही, बर्फाचं चिन्ह हवं. ऑटोवर असेल तर तेही बदला. तापमान २० वर आणा आणि पाच मिनिटं थांबा, कारण कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही.

२. आता बाहेरच्या युनिटच्या पंख्यासमोर हात धरा. खरी मेख इथेच कळते. घरात गरम आणि बाहेर गार हवा येत असेल, तर मशीन हीटवरच अडकलंय; हीट-कूल अदलाबदल करणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, त्याला चालवणारी कॉइल किंवा एसीचा सर्किट बोर्ड यांपैकी काहीतरी बिघडलंय. घरात नुसती साधी हवा येत असेल तर दोष वेगळा. गॅस कमी झाल्याने हवा गार होत नाही, पण ती तापतही नाही.

३. एमसीबी दहा मिनिटं बंद ठेवा. मग हीट आणि कूल दोन-तीनदा आलटून पालटून लावा, दर वेळी पाच मिनिटं थांबून. चिकटलेला व्हॉल्व्ह कधी कधी एवढ्यानेच सुटतो.

नाहीच सुटला, तर मेकॅनिकला फोनवरच सांगा, "आत गरम, बाहेर गार, आधी व्हॉल्व्हची कॉइल तपासा." पैसे वाचतात.

बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केली तरी कपॅसिटर या भागात साठलेली वीज उरते.